भाकरीच्या मुलखात बाहेर जेवताना

गहू टाळून बाहेर जेवण्याच्या विषयाकडे वाचक दोन वाटांनी येतात. काहींना दुखणे घेऊन येते: स्वतःचे, नाहीतर घरातल्या लेकराचे. डॉक्टरांनी गहू कायमचा बंद करायला सांगितलेला असतो. घरचा स्वयंपाक महिन्या-दोन महिन्यांत मार्गी लागतो आणि मग लग्नाचे आमंत्रण येते, शाळेची सहल निघते, नोकरीत फिरती लागते. आता बाहेर खायचे काय? काहींना अभ्यास घेऊन येतो: आहारशास्त्र किंवा हॉटेल व्यवस्थापन शिकणारी मुले, अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी, पोटविकारांच्या ओपीडीत बसणारे तरुण डॉक्टर. दोघांचेही इथे मनापासून स्वागत आहे, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर एकाकडे आणि अर्धे दुसऱ्याकडे आहे.

ज्याला ग्लुटेन वर्ज्य आहे, त्याने घराबाहेर निर्धास्तपणे जेवावे कसे? हा प्रश्न मेन्यूकार्ड वाचून सुटत नाही. पदार्थ ज्वारीचा आहे की गव्हाचा, एवढे कार्ड सांगेल. तो कोणत्या गिरणीतून आला, कोणत्या तव्यावर भाजला, कोणत्या कढईत तळला आणि कोणत्या हिंगाने फोडणीला पडला, हे भटारखान्यातच कळते. म्हणून हा अभ्यास मुळात भटारखान्याचा अभ्यास आहे. तो छत्रपती संभाजीनगरात बसून करण्याला खास कारण आहे. या कामाला जे धान्य लागते ते मराठवाड्याच्या रोजच्या ताटात आहे आणि जी शिस्त लागते ती इथल्या हॉटेलांना उपवासाच्या निमित्ताने ठाऊक आहे. या दोहोंची गाठ घालून देणे हे आपले काम.

आधी आजाराविषयी. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या विशिष्ट प्रथिनांना आपण एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतो. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या माणसाच्या पोटात हे प्रथिन गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अंगी लागेनाशी होतात. जुलाब आणि पोटफुगी ही ओळखीची लक्षणे. पण कित्येकदा ती नसतातच. गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, उंची न वाढणारे मूल, ठिसूळ झालेली हाडे एवढीच खूण असते. ज्यांच्या अंगी डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकीय ठेवण आहे त्यांनाच बहुधा हा आजार होतो, मात्र ती ठेवण असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. निदानासाठी रक्तातल्या टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी होते आणि मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तो तपासला जातो. तपासणीआधीच गहू बंद केला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून निदान आधी, पथ्य नंतर.

गव्हाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात काही मिनिटांत अंगावर पित्त उठते, प्रसंगी श्वास अडकतो. तिसरा एक गट असा की ज्यांना गव्हाने त्रास होतो, पण तपासणीत यांपैकी काहीच सापडत नाही. तिघेही वेटरला एकच वाक्य सांगतात: मला गहू चालत नाही. अभ्यासकाने मात्र त्यांच्यात फरक करायला हवा. केवळ गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला जवाचा पदार्थ कदाचित चालेल, सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो वर्ज्यच. त्याला ग्लुटेनचा कणही टाळायचा असतो, आणि तेही जन्मभर, कारण आजवर पथ्य हाच एकमेव प्रस्थापित उपचार आहे.

हे पथ्य सापडले कसे, ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे. लंडनच्या सॅम्युएल जी या डॉक्टरांनी १८८८ मध्ये या दुखण्याचे वर्णन लिहिले आणि मूल बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच होईल असे सांगितले. पण कोणत्या आहाराने, हे कळायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३०च्या दशकापासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तिथे उपासमार आली आणि ब्रेड मिळेनासा झाला. त्या टंचाईतही सिलिअ‍ॅकची मुले सुधारली, आणि ब्रेड परत येताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे सविस्तर मांडले.

गव्हाशिवाय मुले बरी होतात हे युरोपला दुष्काळात कळले. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या रोजचे ताट जवळपास तसेच होते. ज्वारीची भाकरी, हिवाळ्यात बाजरीची, सोबत पिठले, ठेचा, वांग्याचे भरीत, सकाळी कण्या किंवा आंबील, मुरमुऱ्यांचा सुशीला, सुगीत शेतातला हुरडा. पोळी सणावाराला. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत हा आजार कुणाला असलाच तरी तो दबून राहिला असण्याची शक्यता मोठी. याला आधार देणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या रक्ताच्या तपासण्या त्यात झाल्या. सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के लोकांत, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. आजाराला पोषक जनुके तिन्हीकडे होती. गव्हाचे प्रमाण मात्र वेगळे होते: उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, दक्षिणेत अवघे २५ ग्रॅम. मराठवाडा या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि गेल्या दोन पिढ्यांत त्याने रेशनच्या, बागायतीच्या आणि हॉटेलांच्या मागोमाग गव्हाकडे मोठी मजल मारली आहे. शहरातल्या डॉक्टरांना आणि संशोधकांना यात आयुष्यभराचे काम आहे.

ज्वारीचे महत्त्व केवळ ग्लुटेन नसण्यात नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण तयार केला आणि तो २०१८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आणला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला अनेकदा लोहाचीच चणचण असते, हे लक्षात घेतले म्हणजे बियाण्याचा अभ्यास आणि ताटाचा अभ्यास एकमेकांच्या किती जवळ आहेत ते दिसते.

एवढे धान्य असताना बाहेर जेवायला अडचण काय? वेरूळच्या रस्त्यावर धाब्यात बसून पाहावे. ‘भाकरी ज्वारीचीच ना?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘ज्वारीचीच, दादा. इथं थापूनच देतो.’ उत्तर खरे असते. पण चुलीपाशी जाऊन मावशींना दुसरा प्रश्न विचारावा: ‘मावशी, पिठात आणखी काही टाकता का?’ ‘दोन मुठी कणीक टाकते, म्हंजी भाकर तुटत नाही.’ आणि तिसरा: ‘पीठ कुठलं?’ ‘गिरणीतलं. सकाळी गव्हाच्या मागून दळून आणलं.’ पहिल्या उत्तरात कुणी फसवलेले नाही. विचारणाऱ्याला काय हवे आहे, हेच सांगणाऱ्याला माहीत नव्हते. या क्षेत्रातले पहिले कौशल्य म्हणजे दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारता येणे.

दोन मुठी कणकेने काय बिघडते, हे आकड्यांत पाहू. इटलीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना ९० दिवस रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिले गेले, आणि तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा झाली. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला तर ५० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक, जेमतेम चिमूटभर. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने आणि भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेही ‘ग्लुटेनमुक्त’ या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. शंभर ग्रॅमच्या भाकरीत ती भरते दोन मिलिग्रॅम. म्हणजे त्या भाकरीत वीस-पंचवीस मिलिग्रॅमहून जास्त कणीक गेली की ती मर्यादेबाहेर. भाजल्याने किंवा तळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही, आणि फडक्याने पुसल्याने तवा स्वच्छ होत नाही. साबण-पाण्याने घासला तर होतो.

गिरणीचा प्रश्नही असाच मोजून पाहावा लागतो. अमेरिकेत २०१० मध्ये मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे २२ नमुने तपासले, त्यांतले सात मर्यादेपलीकडे निघाले. गव्हामागून लगेच दळलेल्या ज्वारीत जात्याच्या पाळूतले पीठ उतरतेच. आपल्याकडे गृहिणींना हे पूर्वापार माहीत आहे. उपवासाचा राजगिरा किंवा साबुदाणा त्या इतर धान्याच्या मागून दळायला देत नाहीत. ज्वारीसाठी तीच काळजी घेतली की अर्धी लढाई घरातच जिंकता येते.

शहराच्या खाद्यजीवनाकडे या नजरेने पाहिले की ओळखीचे पदार्थ नव्याने समजतात. इथला नामवंत नान-खलिया, ज्याचे नाते दौलताबादला राजधानी हलवणाऱ्या मुहम्मद तुघलकाच्या लष्कराशी सांगितले जाते. त्यातला नान सोडून खलिया भाताबरोबर मागवता येईल असे वाटते, पण रस्सा कशाने दाट केला आणि नानाचा चुरा पडलेल्या थाळीतूनच तो वाढला जातो का, हे विचारावे लागते. रमजानमधला हलीम तर गव्हावरच उभा असतो, तो मांसाचा पदार्थ म्हणून बेफिकीर राहू नये. गुलमंडीची इम्रती उडदाची, म्हणजे मुळात निर्धोक. तेच तूप मैद्याच्या जिलबीलाही वापरतात का, एवढाच प्रश्न. बटाटेवड्याचे आवरण बेसनाचे असते, पण त्याच कढईत समोसा आणि कचोरी पोहत असतात. इडली तांदूळ-उडदाची, रवा इडली गव्हाची. डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात रवा घालणारे आचारी असतात. धपाट्यांत आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू सर्रास असतो. मंचुरियनमध्ये मैदा, आणि त्याच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू. तंदूरच्या भिंतीला नान चिकटतात, म्हणून त्यातली कोंबडीही शंकास्पदच. याउलट साधा भात, उकडलेली अंडी, दही, साल काढायची फळे, ज्वारीच्या लाह्या यांना फारसे प्रश्न लागत नाहीत. असा तक्ता प्रत्येक पेठेचा, प्रत्येक बसस्थानकाचा, प्रत्येक पर्यटनस्थळाचा करता येतो आणि करायला हवा. अजिंठा-वेरूळ पाहायला जगभरातून माणसे येतात. त्यांतले काही जण हे पथ्य घेऊनच येतात.

हिंगाकडे मात्र थांबून पाहावे लागेल, कारण या सगळ्या चौकशीतून तो निसटतो. बाजारात मिळणारा डबीतला हिंग बहुतेक वेळा मिश्र असतो. शुद्ध हिंग उग्र आणि महाग असतो, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो वापरण्याजोगा करतात. ते पीठ पुष्कळदा मैद्याचे असते. डबी उलटी करून बारीक अक्षरांतली यादी वाचली की ते दिसते. एका फोडणीतला हिंग चिमूटभर, आणि वाटीभर वरणात त्याचा अंश अगदी थोडा, हे खरे. पण हॉटेलच्या एका थाळीत वरण, भाजी, कढी, सांबार, लोणचे अशी पाच-सहा ठिकाणी तीच डबी उघडलेली असते. मालक, आचारी, वेटर तिघेही शपथेवर सांगतील की वरणात गहू नाही, आणि त्यांना तसे मनापासून वाटत असेल. उपाय सोपा आहे: खडा हिंग, किंवा तांदळाच्या पिठात केलेला हिंग. दोन्ही बाजारात मिळतात. ही एक डबी बदलली तर एका भटारखान्यातले कितीतरी पदार्थ एका झटक्यात मोकळे होतात. इतक्या थोड्या खर्चात इतका फायदा देणारी दुसरी सुधारणा मला या क्षेत्रात माहीत नाही.

आता त्या शिस्तीविषयी. आषाढी एकादशीला, श्रावणात, कर्णपुऱ्याच्या यात्रेच्या नवरात्रात शहरातली हॉटेले ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ अशा पाट्या लावतात. त्या दिवशी गिऱ्हाईक विचारते, ‘तेल वेगळं आहे ना?’ आणि कुणालाही तो प्रश्न चमत्कारिक वाटत नाही. चांगल्या ठिकाणी कढई वेगळी, झारा वेगळा, वाढणारा हात वेगळा असतो. जैन जेवणाच्या मागणीलाही तीच समज मिळते. म्हणजे एका गिऱ्हाइकासाठी अमुक वस्तू पूर्णपणे दूर ठेवायची, ही कल्पना आपल्या आचाऱ्याला परकी नाही. श्रद्धेपोटी केलेल्या मागणीला जो मान मिळतो, तो आजारापोटी केलेल्या मागणीला मिळवून द्यायचा आहे. भगर, राजगिरा, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी हे उपवासाचे ताट मुळात गव्हाविना असते आणि त्यात हिंगही सहसा पडत नाही. पीठ कुठे दळले आणि तळण कुठे झाले, एवढे दोन प्रश्न सुटले तर शहरातल्या ग्लुटेनमुक्त जेवणाची पहिली पायरी तयारच आहे.

यात एक सामाजिक अडथळा आहे आणि तो प्रेमाचा आहे: आग्रह. पंगतीत ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून पानात पडलेली पुरी, मामाच्या घरी ‘लेकराला किती दिवस उपाशी ठेवणार’ म्हणून दिलेले बिस्किट. सिलिअ‍ॅकमध्ये इजा झाली तरी लगेच दुखेलच असे नाही, त्यामुळे ‘खाल्लं तेव्हा काही झालं नाही’ हा पुरावा फसवा ठरतो. रुग्णाला नाही म्हणण्याची आणि नातेवाइकांना ते नाही ऐकून घेण्याची सवय लागणे हेही या शास्त्रात मोडते.

चांगल्या इच्छेने काम भागत नाही, याचा दाखला बाहेरून मिळतो. अमेरिकेत ग्राहकांनी खिशातल्या यंत्राने केलेल्या पाच हजारांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून वाढलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्क्यांत ग्लुटेन सापडले, पिझ्झामध्ये तर निम्म्याहून अधिक वेळा. दुसरीकडे इटली पाहा. पास्ता-पिझ्झाच्या त्या देशाने २००५ मध्ये सिलिअ‍ॅकसाठी कायदा केला, शाळा-रुग्णालयांच्या खानावळींत ग्लुटेनमुक्त जेवणाची सोय बंधनकारक केली, आणि तिथल्या रुग्णसंघटनेने हजारो उपाहारगृहांना प्रशिक्षण देऊन जोडून घेतले. पाटी लावल्याने नव्हे, प्रशिक्षणाने फरक पडतो. भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनी पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्यांची सूचना सक्तीची केली आणि केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा-अधिक शाखांच्या उपाहारगृहांनाही अ‍ॅलर्जीकारक घटक सांगण्याची जबाबदारी दिली. गावातली खानावळ, धाबा, वडापावची गाडी या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, आणि आपण जेवतो ते बहुतेक तिथेच. तिथे कायद्याआधी माहिती पोचली पाहिजे.

ती पोचवायला या शहरात माणसे आहेत. घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. रोझाबागच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतून शिकलेली मुले देशभरच्या भटारखान्यांत जातात. परभणीला ज्वारीचे संशोधन आहे. निदान करणारा डॉक्टर, पथ्य समजावणारी आहारतज्ज्ञ, पीठ दळणारा गिरणीवाला, भाकरी थापणारी मावशी आणि तव्यापाशी उभा आचारी एका टेबलाभोवती आले, तर इथे जे तयार होईल ते सोलापूरला, जळगावला, कलबुर्गीला, ज्वारी खाणाऱ्या प्रत्येक गावाला उपयोगी पडेल. गव्हामागून दळलेल्या ज्वारीत किती ग्लुटेन उतरते, किती किलो ज्वारी आधी दळून बाजूला काढली म्हणजे पुढचे पीठ मर्यादेत येते, मिश्र हिंगाच्या फोडणीने वाटीभर वरणात किती भर पडते, ही मोजमापे कुठल्याही अन्नतंत्रज्ञान प्रयोगशाळेत होण्याजोगी आहेत. विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधत फिरू नये, हे उचलावेत.

सुरुवात कशी करावी? एक पदार्थ घ्या. ज्या हॉटेलात तुम्ही नेहमी जाता तिथलाच घ्या. गर्दीची वेळ टाळून, दुपारी तीन-चारच्या सुमारास जा, मालकाला आधी कारण सांगा आणि मग पाच गोष्टी विचारा: पीठ कुठले, हिंग कोणता, तव्यावर आणखी काय भाजतात, तेल कशाकशाचे, वाढणारा चमचा कुठून आला. उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, कारण आचारी बदलला की उत्तरे बदलतात. ‘सगळं चालेल, काळजी करू नका’ असे म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा. ‘आमच्याकडे हे जमणार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचे आभार माना, कारण त्याने तुम्हाला खरी माहिती दिली आहे. अशा शंभर वह्या जमल्या तर त्यांतून या शहराचा पहिला भरवशाचा नकाशा तयार होईल. त्यातले पहिले पान तुमचे असावे.